पात्र सरकारचे, काठ शेतकऱ्याचा, वाट कुणाची?

पुण्याहून सोलापूर रस्त्याने यवतपर्यंत यावे, उत्तरेकडे वळून मुळा-मुठा ओलांडावी, की राहू बेट सुरू होते. चारी बाजूंनी पाणी असलेले हे बेट नव्हे. दक्षिणेला मुळा-मुठा, उत्तरेला भीमा, आणि वाळकीच्या पुढे, शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसच्या अंगाला दोघींचा संगम. मधल्या पाचरीत राहू, पाटेठाण, वाळकी ही दौंड तालुक्यातली गावे. काळी जमीन, नजर जाईल तिथवर ऊस, हंगामात गुऱ्हाळांचा धूर. दोन नद्यांच्या मध्ये राहणाऱ्याला पाण्याची काय वाण? पण गळ किंवा पाग (फेकायचे जाळे) घेऊन नदीवर निघालेल्या माणसाला इथे आधी विचार करावा लागतो तो बांधाचा. कुणाच्या शेतातून उतरायचे, कोण अडवेल, कोण ओळखीचा आहे.

नदी कुणाची, हे कायद्याने दीडशे वर्षांपूर्वी सांगून टाकले आहे. नदीपर्यंत कसे जायचे, हे मात्र सांगितले नाही. सगळा घोळ त्यातून आहे.

या पाण्यात मासा किती होता याची पहिली पद्धतशीर नोंद एका लष्करी अधिकाऱ्याने केली. पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारने दख्खनची खानेसुमारी, पिके, हवामान, जनावरे यांची माहिती गोळा करायला विल्यम हेन्री साईक्स याला नेमले. १८२४ ते १८३१ या काळात तो हा मुलूख पालथा घालत होता. मुळा-मुठेतून, भीमेतून त्याने मासे जमवले आणि १८३९च्या सुमारास त्यांची वर्णने लंडनमध्ये छापली. पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या एका दांडग्या माशाला त्याने 'खुद्री' हे नाव दिले. दख्खनी महसीर आजही शास्त्रात त्याच नावाने ओळखला जातो. बोगट, मल्या, फुलंगी, ताकरी, कोळुस ही नावेही त्याने तशीच उचलून लॅटिन नावांच्या शेपटीला जोडली. ही नावे सरकारी दप्तरात मिळण्यासारखी नव्हती. काठावर जाळे वाळत घालणाऱ्या माणसांनीच ती सांगितली असणार. त्यांची स्वतःची नावे साईक्सच्या प्रबंधात शोधायला जाऊ नये.

ही माणसे बहुतेक भोई आणि कोळी. भोई पालखी-मेणे वाहायचे, उतारावर नाव चालवायचे, मासे धरायचे, आणि पावसाळा सरून पात्र उघडे पडले की वाळूत खत घालून कलिंगड-खरबुजाच्या वाड्या लावायचे. गावगाड्यात त्यांची जागा अलुतेदारांच्या रांगेत. त्यांच्या नावावर शेतजमीन क्वचितच असे, पण नदीशी त्यांचा संबंध कुणी नाकारत नव्हते. उतार, पाणवठा, धुण्याचा दगड, गुरे पाण्यावर नेण्याची पाऊलवाट ही गावाची सामायिक चीज होती, आणि मासेमार त्याच वाटांनी खाली उतरायचा. बंधने होती, ती दुसऱ्या प्रकारची. देहूच्या डोहातला मासा देवाचा, त्याला हात लावायचा नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीत आजही तेच चालते. काठावर खरिपाची बाजरी, रब्बीची ज्वारी. पीक निघाले की शेत मोकळे, आणि मोकळ्या शेतातून माणूस-जनावर कुठूनही जाई. वर्षातले कित्येक महिने काठ आपोआप खुला असायचा. या वाटांचा हक्क कुणी लिहून ठेवला नाही, कारण तो लिहायची वेळच येत नव्हती.

लिहिण्याची हौस इंग्रजांची. आणि त्यांनी सोबत आणलेली नदीची कल्पना आपल्यापेक्षा फार निराळी होती. इंग्लंडात जिथवर भरती-ओहोटी पोचते तिथवरच्या पाण्यात लोकांना मासे धरता येतात. त्याच्या वर, आतल्या नद्यांत, काठाचा मालक तोच निम्म्या पात्राचा मालक मानला जातो. दोन्ही काठ एकाचेच असतील तर नदीही त्याचीच. तिथला मासेमारीचा हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकता येतो, भाड्याने देता येतो. म्हणूनच तिकडे काठावरून गळ टाकायला मिळावा यासाठी मंडळे स्थापन होतात, खटले चालतात.

बंगालमध्ये या कल्पनेला सुपीक जमीन मिळाली. १७९३च्या कायमधारा पद्धतीने जमीनदार उभे केले, आणि पुष्कळ ठिकाणी जमिनीबरोबर 'जलकर', म्हणजे पाण्यातल्या मासळीचा हक्कही त्यांच्याकडे गेला. कलकत्त्याच्या राणी रासमणीची कथा त्या काळातली. गंगेतल्या मासेमारांवर ईस्ट इंडिया कंपनीने कर बसवला, तेव्हा राणीने नदीचा एक पट्टा कंपनीकडूनच ठेक्याने घेतला आणि त्यावर साखळदंड ओढून गोऱ्यांची जहाजे अडवली, असे सांगतात. तपशील लोककथेने रंगवला असेल, पण नदीचा तुकडा ठेक्याने मिळू शकतो ही त्यातली गोष्ट खरी होती. १८८९मध्ये तर बंगालला खाजगी मत्स्यक्षेत्रांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला.

भीमेच्या काठी तसे झाले नाही, याचे श्रेय रयतवारीला, म्हणजे मध्ये जमीनदार न ठेवता थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याच्या पद्धतीला, द्यायला हवे. तशा मोजणी-आकारणीचा पहिला प्रयत्न प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याचा. त्याची आकारणी इतकी जड निघाली की गावे ओस पडू लागली. मग १८३६मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेजारच्या इंदापुरात नवी मोजणी सुरू केली. तीच पद्धत पुढे भीमथडीत आणि सगळ्या इलाख्यात पसरली. भीमथडी म्हणजे आजच्या दौंडचा जुना तालुका, मराठ्यांच्या फौजेला तट्टे पुरवणारा. प्रत्येक शेताला नंबर, चार कोपऱ्यांना दगड, प्रत्येक नंबराला आकार आणि आकार भरणारा एक खातेदार. या जाळ्यात नदी सापडली नाही. तिच्यावर पीक नाही, म्हणून आकार नाही. आकार नाही, म्हणून खातेदार नाही. गावनकाशावर ती दोन रेघांमधली कोरी जागा राहिली.

कोऱ्या जागेच्या अलीकडे मात्र शेताची हद्द पक्की झाली. आधी काठ कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होते याची नदीलाच फिकीर नव्हती. पूर आला की मळई इकडची तिकडे. आता दगड पुरले गेले. शिवाय जमीन गहाण पडू लागली, विकली जाऊ लागली. याच भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात १२ मे १८७५ला सावकारांची खतपत्रे जाळली गेली आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. शिरूरकडची गावेही त्यात होती. दंग्यांची कारणे इथे उगाळण्याची गरज नाही. जमिनीचा कागद माणसाच्या जिवाइतका महाग झाला होता, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे. ज्या वस्तूसाठी माणसे दंगा करतात, तिच्यातून दुसऱ्याला सहज जाऊ देण्याची वृत्ती फार काळ टिकत नाही.

लगोलग १८७६-७८चा दुष्काळ आला. खडकवासल्याचे धरण आणि मुठेचे कालवे त्याच सुमारास आकाराला येत होते, मातोबाचा तलाव दुष्काळी कामातून उभा राहत होता. पाण्याला किंमत आली की पाण्याचा मालक ठरवावा लागतो. १८७९च्या पाचव्या कायद्याने, म्हणजे मुंबई जमीन महसूल संहितेने, तो ठरवला. तिच्या कलम ३७ने रस्ते, गल्ल्या, पूल, समुद्राचा आणि खाड्यांचा तळ, नद्या, ओढे, नाले, तळी यांची पात्रे आणि सगळे वाहते-साचते पाणी सरकारच्या मालकीचे केले. कुणाचा हक्क आधीच शाबीत असेल तर तेवढा वगळून. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हेच कलम २० होऊन बसले.

माझ्या मते इलाख्यातल्या गरिबांच्या बाजूने झालेल्या मोठ्या गोष्टींत याची गणना व्हावी, हेतू काहीही असो. या एका वाक्यामुळे भीमेचा एक हातही कुणा सरदाराच्या, सावकाराच्या किंवा पुढे साखरसम्राटाच्या नावावर चढला नाही. नदीकाठच्या खातेदाराला इथे पाणी उपसायलाही परवाना लागतो. मासा आपला म्हणायचा तर प्रश्नच नाही. इंग्लंडातला गळवाला ज्यासाठी झगडतो ते भीमेकाठच्या भोयाला न मागता मिळाले होते.

पण वाट? ती दुसऱ्या कायद्यात होती.

१८८२चा सुविधाधिकारांचा कायदा १८९१मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा, पाणी नेण्याचा हक्क कसा मिळतो हे तो सांगतो. वीस वर्षे उघडपणे, कुणाच्या मेहेरबानीने नव्हे तर हक्क म्हणून, अडथळ्याशिवाय वाट वापरली तर वहिवाटीने ती तुमची. ऐकायला भोयांच्या फायद्याचे वाटते. अडचण अशी, की या कायद्यात सुविधाधिकार माणसाला नसतो, जमिनीला असतो. माझ्या शेताच्या उपभोगासाठी तुमच्या शेतातून वाट, असा हिशेब. ज्याला शेतच नाही, त्याच्या पिढ्यान् पिढ्यांच्या पाऊलवाटेला टेकायला जागा उरली नाही. रूढीने गावाला किंवा जमातीला मिळालेल्या हक्कांना हा कायदा हात लावत नाही, हे खरे. पण रूढी कोर्टात शाबीत करायची तर वकील, साक्षीदार आणि चार-सहा वर्षे. पाग विकून तेवढे पैसे येत नाहीत. पुढे संहितेने बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला दिला, आजचे कलम १४३, तेही एका सर्व्हे नंबरातल्या शेतकऱ्याला दुसऱ्याच्या नंबराच्या हद्दीवरून जाण्यासाठी. तहसीलदारापुढे अर्ज करायलाही आधी सातबारा लागतो.

समुद्रकाठच्या कोळ्यांचे नशीब थोडे बरे. १८७६मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे बाबन मायाचा विरुद्ध नागू श्रावुचा असा खटला आला होता. समुद्रात मासे धरण्याचा हक्क सर्व लोकांचा आहे, हे न्यायालयाने त्यात मान्य केले. समुद्रावर जायला कुणाचे उसाचे रान आडवे येत नाही, हाही भाग आहेच.

मासळीकडे सरकारचे लक्ष गेले ते वेगळ्या वाटेने. फ्रान्सिस डे या डॉक्टरने १८७३मध्ये हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या मासळीवर मोठा अहवाल दिला. त्याचे गाऱ्हाणे असे, की इथे कुणीही येतो, बारीक छिद्रांची जाळी लावून पिल्लेसुद्धा ओरबाडतो, आणि अडवणारे कुणी नाही. थोडक्यात, त्याला नदी फारच मोकळी वाटत होती. चोवीस वर्षांनी, १८९७मध्ये, मत्स्य कायदा आला. सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारणे गुन्हा ठरला. जाळ्यांची छिद्रे, बांध, बंदीचा हंगाम यांचे नियम प्रांतांवर सोपवले. कायदा शहाणा होता. मासा कसा मारू नये हे त्यात आहे. माशापर्यंत कसे जावे, हा त्याचा विषयच नव्हता. १९६०च्या महाराष्ट्राच्या मत्स्य कायद्याचेही तसेच.

साहेबांना हा प्रश्न पडायचे कारण नव्हते. दक्षिण कानडाचा कलेक्टर हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३मध्येच गळाच्या शिकारीवर जाडजूड पुस्तक लिहिले. महसिराच्या पाठी नदीनदी धुंडाळणाऱ्या अधिकाऱ्यांची ती पोथी झाली. ज्या अधिकाऱ्याच्या सहीवर गावाचा सारा ठरतो, त्याला बांधावर कोण अडवणार? पुणे लष्कराच्या छावणीजवळची मुळा-मुठा गोऱ्या गळवाल्यांच्या हाताखालचीच होती. हौशी मासेमारी आणि पोटाची मासेमारी यांतला काठावरचा फरक तेव्हापासूनचा आहे. एकाची वाट हुद्द्यातून निघायची, दुसऱ्याची ओळखीतून.

या सगळ्या कागदांत भोयाच्या उपयोगाचे एक वाक्य आहे, आणि ते जिथे सापडेल असे वाटत नाही तिथे आहे. १९०६चा मामलेदार कोर्टाचा कायदा. शेतातली भांडणे दिवाणी कोर्टाच्या फेऱ्यांत न अडकता तालुक्यातच निकालात निघावीत म्हणून तो केला. त्याच्या कलम ५मध्ये शेती, चराई, झाडे, पिके यांच्या जोडीला 'मासेमारी' हा शब्द आहे. अशा कामासाठी वापरात असलेल्या जागेचा ताबा आणि तिकडे जाणारे रस्ते किंवा वहिवाटीच्या वाटा कुणी बेकायदा अडवल्या, तर मामलेदार मनाई करू शकतो. अर्ज अडवणुकीपासून सहा महिन्यांच्या आत करायचा. आज तहसील कचेरीत या कलमाखाली येणारे अर्ज शेतरस्त्यांचे आणि पाटाच्या पाण्याचे असतात. तो शब्द मात्र एकशे वीस वर्षे कायद्यात बसून आहे. ज्यांच्यासाठी तो होता त्यांच्यापर्यंत तो कुणी नेला नाही, आणि त्यांनी तो मागितला नाही; कारण १९०६ साली राहूच्या काठाला अजून बाजरीच होती आणि वाट अडली नव्हती.

ती अडली उसाने.

स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत राहू बेटाचा कायापालट झाला, तो कायद्याने झालेल्या बदलापेक्षा कितीतरी खोल आहे. पुण्याच्या वर धरणे बांधली गेली. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटून मुठेने पुणे धुऊन काढले. मग ते धरण पुन्हा उभे राहिले, वरसगाव आले, भीमेवर चासकमान आले. पूर्वी उन्हाळ्यात डबक्यांपुरत्या उरणाऱ्या मुळा-मुठेला पुणे शहर बारमाही पाणी देऊ लागले. सांडपाणी म्हणा हवे तर. पात्रात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पडले. वीज आली, काठावर मोटारी बसल्या, पाइपलाइनी मैल-मैल आत गेल्या. गावातली सर्वात हलकी, पुरात वाहून जाणारी म्हणून कमी आकाराची काठची जमीन बघता बघता सर्वात मोलाची झाली. मोटार तिथेच बसणार ना.

आणि ऊस हे पीक असे, की रान कधी मोकळेच होत नाही. आडसाली ऊस अठरा महिने उभा. तो तुटला की खोडवा. काठच्या पाऊलवाटा नांगराखाली गेल्या त्या कुणाच्या दुष्टाव्याने गेल्या असे नव्हे. त्यांच्यावर सरी पडली आणि दुसऱ्या वर्षी कुणाला त्या आठवल्या नाहीत. पुलांनी उतार बंद केले, उताराबरोबर नाव गेली, नावेबरोबर नावेकडे जाणारी वाट. १८६८पासून सरकारी तरींचा कायदा होता, त्यामुळे तरीच्या जागी लोकांचे येणे-जाणे निदान गृहीत धरलेले असे; तर बंद झाली तसे तेही गेले. भोयाने नाव सोडून गुळाची जुनी काहील पाण्यात लोटली, पुढे ट्यूब आणि थर्माकोल घेतले. पाण्यावर त्याचे काही अडले नाही.

शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. नदीकाठी मोटारीची केबल चोरीला जाणे हा या पट्ट्यातला नेहमीचा ताप आहे. तांब्यासाठी रात्रीत केबल कापून नेतात. सुटलेल्या बिडीच्या थोटकाने वाळलेला ऊस पेटतो. बिबट्याच्या भीतीने रात्री रानात पाऊल टाकायला माणसे धजत नाहीत, आणि नेमक्या त्या वेळी काठावर बॅटरीचा उजेड हलताना दिसला तर मालकाने काय समजायचे? अनोळखी माणसाला हटकणे हा त्याचा आडमुठेपणा नसतो. फक्त केबलचोर आणि दावण, म्हणजे गळांची लांब दोरी, लावायला निघालेला भोई यांना तो एकाच काठीने हाकतो.

मधल्या काळात एकाने मात्र नदीकडे भक्कम रस्ते पाडले: वाळूवाल्याने. भीमेची वाळू पुण्याच्या इमारतींसाठी उपसली जाऊ लागली तेव्हा शेतकऱ्याला पैसे देऊन, कधी दमदाटी करून, उसातून ट्रक जाईल एवढी वाट झाली. भोयांची पाऊलवाट जिथे मावत नव्हती तिथे डंपर मावला. त्या रस्त्यांनी मासेमारही उतरत राहिले, पण उतरून पोचायचे ते वाळूच्या खड्ड्यांनी खोल, भयंकर झालेल्या पात्रात.

खालच्या अंगाला याच सुमारास दुसरीच तऱ्हा झाली. १९८०मध्ये उजनीचे धरण पुरे झाले आणि फुगवट्याचे पाणी दौंडच्या बाजूपर्यंत भरू लागले. इथे काठाची मालकीही सरकारकडे, कारण बुडीत जमीन संपादन केलेली. पाणी ओसरले की ती गाळपेरीला दिली जाते. म्हणजे वाटेचा प्रश्न सुटला. पण मासेमारीलाच परवाना आणि ठेका लागला. वाहत्या नदीत जो हक्क मोकळा होता तो जलाशयात मोजून-मापून विकला जाऊ लागला, आणि स्थानिक भोई विरुद्ध बाहेरचा ठेकेदार ही भांडणे सुरू झाली. मासेही बदलले. १९५२मध्ये देशात आणलेली तिलापिया इथे 'चिलापी' होऊन बाजाराची राणी झाली. साईक्सचा खुद्री वाचवण्यासाठी लोणावळ्याला, टाटांच्या वळवण तलावावर, १९७०च्या दशकात डॉ. चं. वि. कुलकर्णींच्या पुढाकाराने महसिराची कृत्रिम पैदास करावी लागली.

ठेका असो वा वहिवाट, तोंडी हक्काला कोर्ट किती मानते याचा दाखला १९५५मध्येच मिळाला होता. ओरिसातल्या चिल्का सरोवरात मासे धरण्याचा हक्क काही लोकांनी जमीनदाराला पैसे भरून घेतला होता, तोंडी. जमीनदारी गेली, सरोवर सरकारकडे आले, आणि सरकारने तो हक्क मानायचे नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने आनंद बेहेरा खटल्यात सांगितले, की दुसऱ्याच्या पाण्यातून मासे काढून नेण्याचा हक्क ही स्थावर मालमत्ता आहे; तो लेखी आणि नोंदलेल्या दस्तानेच मिळतो. न्यायाच्या दृष्टीने निकाल चोख आहे. पण ज्यांचे सगळे व्यवहार तोंडावर चालतात त्यांच्या वाट्याला त्यातून काय येणार हेही उघड आहे.

चाळीस वर्षांनी त्याच न्यायालयाने उलट्या बाजूने एक दार उघडले. हिमाचलात बियास नदीचा प्रवाह एका हॉटेलच्या सोयीसाठी वळवल्याचे प्रकरण होते. १९९६च्या डिसेंबरात कमलनाथ खटल्याच्या निकालात न्यायालयाने म्हटले, की नद्या, किनारे, वने यांचे सरकार मालक नसून विश्वस्त आहे, आणि ती लोकांच्या वापरासाठी राखणे त्याचे कर्तव्य आहे. विश्वस्ताने नदी लोकांसाठी राखायची आणि लोकांना तिच्यापाशी जाता येऊ नये, हे तर्काला धरून नाही. पण या तर्काचा आधार घेऊन काठावरची वाट मागणारा खटला अजून उभा राहायचा आहे. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषांचा उपयोगही बांधकामे रोखण्यापुरता होतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो तिथवर निळी रेषा. तिच्या आत घर बांधता येत नाही, पण तारेचे कुंपण घालून गेट लावता येते.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्याने हा प्रश्न ज्या टोकापर्यंत नेऊन सोडला आहे ते पाहण्यासारखे आहे. तिथे पात्रही पुष्कळदा खाजगी. १९८४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणि पुढच्या वर्षी विधिमंडळाने ठरवले, की पात्राची मालकी कुणाचीही असो, नेहमीच्या उच्च जलरेषेच्या आत पाण्यातून आणि काठाने फिरण्याचा, गळ टाकण्याचा हक्क सर्वांचा. खाजगी रानातून नदीकडे जाण्याचा हक्क मात्र दिला नाही. मग लोक सार्वजनिक पुलांवरून खाली उतरू लागले, रानमालकांनी पुलांना कुंपणे भिडवली, आणि २००९मध्ये पुलावरून उतरण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. स्कॉटलंडने २००३मध्ये रानावनातून हिंडण्याचा हक्क सगळ्यांना दिला, आणि त्यातून मासेमारी नेमकी वगळली.

राहूच्या माणसाने मोंटानाचा कायदा वाचला नसेल, तरी करतो तो तेच. आज या दोन नद्यांवर हौशी गळवाले आणि पोटार्थी मासेमार उतरतात ते पुलाखाली, बंधाऱ्यावर, देवळाच्या घाटावर, दशक्रियेच्या ओट्यापाशी, स्मशानाशेजारी. जिथे सार्वजनिक बांधकाम आहे तिथेच सार्वजनिक काठ उरला आहे. मधला सगळा काठ ओळखीवर चालतो. सकाळी मालकाच्या घरी दोन वाम पोचवल्या की संध्याकाळी दावण लावायला आडकाठी येत नाही. ही तडजोड वाईट नाही, पण मालक बदलला किंवा त्याचा मुलगा पुण्याहून परतून कुंपण घालू लागला की ती संपते.

विदर्भात निदान नोंद करायला जागा आहे. तिथले मालगुजारी तलाव १९५०च्या कायद्याने मालगुजारांकडून सरकारकडे आले, आणि जुन्या मध्य प्रांताच्या पद्धतीप्रमाणे गावाचे निस्तार (सामायिक वापराचे) हक्क, वाटेची आणि मासेमारीची रूढी वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या रूढींच्या नोंदपत्रात, टिपून ठेवायची सोय होती. १९६६च्या संहितेनेही ती पुढे चालवली. भंडारा-गोंदियाचा मासेमार ढिवर त्यावर बोट ठेवून बोलू शकतो. पुण्याच्या रयतवारीत तशी परंपरा नाही. इथे सगळे खातेदाराभोवती. सातबाऱ्यावरच्या लागवडीबाहेरच्या, पोटखराब 'ब' वर्गात सार्वजनिक वाट किंवा ओढा दाखवता येतो खरा, पण तो मोजणीच्या वेळी कुणी दाखवला असेल तर.

गेल्या काही वर्षांत शासन पुन्हा वाटांकडे वळले आहे. २०२१मध्ये मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना आली. २०२५मध्ये शेतरस्ते तीन-चार मीटर रुंद करण्याचा आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात घेण्याचा निर्णय झाला. कारण ट्रॅक्टर आणि ऊसतोडणी यंत्रे मोठी झाली, जुन्या बैलगाडीच्या वाटांत ती मावत नाहीत. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्यामागचा विचार विजेचा दर, कर्जाचे व्याज, विमा अशा सवलतींचा होता. पण दोन्ही निर्णय एकत्र ठेवले तर एक साधा अर्ज तयार होतो: मासेमारी ही शेती असेल, तर नदीकडे जाणारी वाट हा शेतरस्ता आहे, आणि तो 'इतर हक्क'मध्ये चढवावा. १९०६च्या कायद्यातला तो एक शब्द या अर्जाला जोडता येईल. दौंड आणि शिरूरच्या तहसीलदारांपुढे असा अर्ज घेऊन जायला एखादी मच्छीमार सहकारी संस्था पुरेशी आहे.